अकिलीसचे गाणे आणि अकिलीसचा राग

मॅडलिन मिलर यांची 'द साँग ऑफ अकिलीस' ही कादंबरी मी दोनदा वाचली. दोन्ही वेळा शेवटची पाने वाचताना डोळे भरून आले आणि दोन्ही वेळा पुस्तक मिटल्यावर एक तक्रार मनात राहिली. जी कलाकृती आपल्याला रडवते तिच्याविषयी तक्रार करणे थोडे कृतघ्नपणाचे वाटते. पण समीक्षेचे काम तिथूनच सुरू होते. डोळ्यांत पाणी कशामुळे आले आणि तक्रार कशामुळे उरली, या दोन्ही गोष्टींचा उगम एकाच जागी आहे असे मला वाटते. ती जागा शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

कादंबरी 2011 साली प्रसिद्ध झाली. लेखिका ग्रीक आणि लॅटिन या भाषांची शिक्षिका. या पहिल्याच कादंबरीवर त्यांनी सुमारे दहा वर्षे काम केले. 2012 साली तिला इंग्लंडमधले 'ऑरेंज प्राइझ' मिळाले. पुढे काही वर्षांनी तरुण वाचकांनी मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींतून तिची अशी काही चर्चा केली की पुस्तक नव्याने जगभर पसरले. त्या लाटेत ते परभणीपर्यंतही आले. इंग्रजी कादंबऱ्या वाचणारी इथली मुले-मुली मोजकी आहेत, पण जी आहेत त्यांच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या हातात गेल्या काही वर्षांत हे पुस्तक दिसते.

ग्रीक पुराणकथा आणि परभणी यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पुनर्कथनाचा आहे. गोदावरीच्या या पट्ट्यात जुनी कथा नव्याने सांगणे हा साहित्याचा मुख्य उद्योगच राहिलेला आहे. पैठणला एकनाथांनी 'भावार्थ रामायण' लिहायला घेतले. त्यांचे नातू मुक्तेश्वर यांनी महाभारताची पर्वे मराठीत आणली. त्याच नदीने खाली आले की आमचे गंगाखेड लागते, जनाबाईंचे गाव. जनाबाईंच्या नावावर 'थाळीपाक', 'द्रौपदीस्वयंवर' अशी आख्याने सांगितली जातात आणि मुक्तेश्वरांना त्यांतून स्फूर्ती मिळाली, असे परंपरा मानते. श्रावणात देवळात श्रीधरांचा 'पांडवप्रताप' किंवा 'हरिविजय' लागतो तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाला शेवट ठाऊक असतो. तरीही लोक येतात. कारण ते 'पुढे काय झाले' हे ऐकायला आलेले नसतात; पोथी वाचणारा आणि अर्थ सांगणारा आज ते कसे सांगतो, हे ऐकायला आलेले असतात. त्यामुळे मिलर यांचे पुस्तक वाचायला आपल्याकडचा वाचक ग्रीक न शिकताही बराच तयार असतो.

कथा आणि तिचा निवेदक

कथा थोडक्यात अशी. पॅट्रोक्लस हा एका लहान राज्याचा राजपुत्र. बापाच्या लेखी नालायक. खेळताना त्याच्या हातून एक मुलगा मरतो आणि बाप त्याला राज्याबाहेर काढून पेलिअस राजाकडे पाठवतो. पेलिअसचा मुलगा अकिलीस. त्याची आई थेटिस ही सागरदेवता. अकिलीस सर्व योद्ध्यांत श्रेष्ठ होणार, हे भाकीत आधीच झालेले आहे. ही दोन मुले एकत्र वाढतात, पेलिऑन पर्वतावर कायरॉन या नराश्वाकडे शिकतात आणि एकमेकांच्या प्रेमात पडतात. पुढे ट्रॉयचे युद्ध सुरू होते. अकिलीससमोर दोन वाटा आहेत: युद्धाला गेलास तर कीर्ती आणि अल्पायुष्य, न गेलास तर दीर्घायुष्य आणि विस्मृती. तो जातो. पॅट्रोक्लसही त्याच्यामागे जातो. दहाव्या वर्षी सेनापती अ‍ॅगमेम्नॉन अकिलीसच्या वाट्याची ब्रायसीस ही स्त्री हिसकावून घेतो. अकिलीस रागाने युद्ध सोडून बसतो. ग्रीक मरू लागतात. शेवटी पॅट्रोक्लस अकिलीसचे चिलखत घालून रणात उतरतो आणि हेक्टरच्या हातून मरतो. अकिलीस हेक्टरला मारतो, आणि मग भाकिताप्रमाणे स्वतःही मरतो.

ही सगळी हकीकत पॅट्रोक्लस सांगतो. मरेपर्यंत सांगतो आणि मेल्यानंतरही सांगतच राहतो. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. 1959 साली खांडेकरांनी 'ययाति'त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापल्या तोंडाने बोलायला लावले. 1967 साली शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि श्रीकृष्ण यांनाही निवेदक केले. पुराणातल्या माणसाने 'मी' म्हणून बोलायचे, ही युक्ती आपण पन्नास-साठ वर्षांपूर्वी पचवलेली आहे. तिचे फायदे आपल्याला माहीत आहेत आणि तिचे धोकेही. धोक्यांकडे मी पुढे येतो. आधी फायदा.

होमरने सोडलेली जागा

मिलर यांच्या कादंबरीत मनाला येईल तसे रचलेले फार थोडे आहे. पुष्कळशा गोष्टींचे बीज होमरच्या 'इलियड'मध्ये सापडते. 24 सर्गांच्या, 15,000हून अधिक ओळींच्या त्या महाकाव्यात पॅट्रोक्लसचे स्थान तसे लहान आहे. पण कवीची त्याच्यावर विशेष माया दिसते. सोळाव्या सर्गात, पॅट्रोक्लस मृत्यूच्या दिशेने जात असताना, कवी मधूनच कथा सांगणे थांबवतो आणि थेट त्याच्याशी बोलतो, त्याला 'तू' म्हणतो. तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसचे भूत अकिलीसच्या स्वप्नात येते. आपल्या दोघांच्या अस्थी एकाच कलशात ठेव, अशी विनवणी करते. अकिलीस त्याला मिठी मारायला हात पुढे करतो आणि ते धुरासारखे निसटून जाते.

मिलर यांनी हे भूत उचलले आणि त्याला कादंबरीभर बोलते केले. मला हा या पुस्तकातला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो. पॅट्रोक्लस मेला की कथा संपायला हवी. इथे ती पुढे चालू राहते. जिवंत प्रियकराचा शोक मेलेल्या प्रियकराने पाहायचा, सांगायचा आणि त्याच्यापर्यंत एक शब्दही पोहोचवता येऊ नये, ही कल्पना आपल्या आतड्याला पीळ पाडते. मी रडलो ते इथे.

दुसरा चांगला भाग भाकितांचा. मर्मिडन योद्ध्यांमधला सर्वोत्तम माणूस अकिलीस जिवंत असतानाच मरेल, असे एक भाकीत कादंबरीत येते. दोघेही विचारात पडतात: असा कोण? वाचकाला उत्तर ठाऊक आहे. त्या दोघांना सुचत नाही, कारण ज्याला लहानपणापासून नालायक म्हटले गेले तो स्वतःला सर्वोत्तम कसा समजेल? तसेच हेक्टरचे. हेक्टर मेल्यावरच अकिलीसचा मृत्यू आहे, हे कळल्यावर अकिलीस हेक्टरला टाळत राहतो. त्याने माझे काय वाकडे केले आहे, असे तो हसून विचारत असतो. प्रत्येक वेळी हा प्रश्न ऐकला की आपल्या छातीत धस्स होते. ठाऊक असलेल्या शेवटाचा असा उपयोग पोथी ऐकणाऱ्यांना लगेच कळेल.

तिसरी गोष्ट प्रेमाची. होमर या दोघांना प्रियकर म्हणत नाही. तो फक्त त्यांची सोबत आणि अकिलीसचा अनावर शोक दाखवतो. पण प्राचीन ग्रीकांनीच पुढे त्याचा तसा अर्थ लावला. एस्किलसने एका नाटकात, जे आज पूर्ण उपलब्ध नाही, त्यांना प्रियकर म्हणून रंगवले. प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये तर या जोडीत वडील कोण आणि धाकटा कोण यावरून एस्किलसला खोडून काढले आहे. म्हणजे मिलर यांनी आधुनिक काळाचा विषय जुन्या कथेवर लादला, हा आरोप टिकत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी चाललेल्या वादात त्यांनी आपली बाजू मांडली एवढेच.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने ही कादंबरी वाचून मला विचारले होते, "सर, दोघे पुरुष आहेत म्हणून शेवट असा का?" प्रश्न साधा नव्हता, हे त्याच्या आवाजावरून कळत होते. मी त्याला अधिक काही विचारले नाही.

या प्रश्नाचे उत्तर कादंबरीच्या बाजूने जाते. आपल्याकडे दोन पुरुषांच्या प्रेमाविषयी लिहिलेच गेले नाही असे नाही. तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट'मध्ये स्त्रीचे स्त्रीवरचे प्रेम रंगभूमीवर आणले. बिंदुमाधव खिरे यांचे 'पार्टनर' 2005 साली आले, सचिन कुंडलकर यांचे 'कोबाल्ट ब्लू' 2006 साली. पण जिल्ह्याच्या गावात वाढणाऱ्या मुलाला रोजच्या बोलीत या प्रेमासाठी दोनच प्रकारचे शब्द ऐकू येतात. एक शिवीचे, दुसरे दवाखान्याचे. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377मधला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. कायद्याचा एक शब्द गेला. बोलीत त्या जागी नवा शब्द अजून पुरता रुजलेला नाही.

मिलर यांचा पॅट्रोक्लस आपल्या प्रेमाला काहीही नाव देत नाही. त्याला त्याची गरजच पडत नाही. पहिल्या भेटीत अकिलीस अंजिरे हवेत फेकून झेलत असतो, त्यांतले एक तो त्याच्याकडे टाकतो. पुढे वीणेसारखे वाद्य वाजवतो. पहाडावरच्या थंडीत दोघे एका गुहेत झोपतात. इतक्या साध्या गोष्टींतून हे प्रेम उभे राहते. थेटिसला पॅट्रोक्लस आवडत नाही, छावणीत कुजबुज होते, पण या प्रेमाची शिक्षा म्हणून कोणी मरत नाही. दोघे मरतात ते युद्धामुळे, कीर्तीच्या हव्यासामुळे आणि एका राजाच्या मग्रुरीमुळे. म्हणून त्या विद्यार्थ्याला मी सांगितले की शेवट असा आहे तो ते पुरुष आहेत म्हणून नाही, त्यांतला एक अकिलीस आहे म्हणून. ज्या वाचकाला आपल्या मनातल्या गोष्टीसाठी भाषाच मिळत नाही, त्याला नाव न घेता सांगितलेली अशी गोष्ट केवढा आधार देत असेल, याचा अंदाज समीक्षकाने ठेवला पाहिजे. माझी पुढची तक्रार हे सगळे मान्य करून आहे.

काय गळाले

'इलियड'चा पहिला शब्द 'क्रोध' हा आहे. अकिलीसचा क्रोध हा त्या काव्याचा विषय. मिलर यांनी त्या जागी 'गाणे' आणले. शीर्षकातच हा बदल जाहीर आहे आणि लेखिकेला तो अधिकार आहे. प्रश्न असा की गाण्याला जागा करून देताना क्रोधातले काय बाहेर ठेवले गेले.

ब्रायसीसचे पाहा. होमरची ब्रायसीस एकोणिसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या प्रेतावर पडून आक्रोश करते. तेव्हा कळते की तिचा नवरा अकिलीसने मारला आहे आणि तिचे तीन भाऊही त्याच दिवशी गेले आहेत. ज्याने हे केले त्याच्याच तंबूत ती राहते. पॅट्रोक्लस मात्र तिच्याशी नेहमी मायेने वागला, अकिलीसशी तुझे रीतसर लग्न लावून देईन असा दिलासा त्याने तिला दिला होता. एका स्त्रीच्या शोकात किती गोष्टी एकत्र आल्या आहेत पाहा: मेलेल्या माणसाविषयीची खरी माया, मारेकऱ्याशीच लग्न होण्याची आशा, आणि दुसरा आसरा नसणे.

कादंबरीत ब्रायसीस ही खेड्यातली साधी मुलगी आहे. पॅट्रोक्लसच्या सांगण्यावरून अकिलीस तिला आपल्या वाट्याला मागून घेतो, तिला दुसऱ्यांच्या हातून वाचवायला. मग अशा आणखी स्त्रिया येतात. त्या या दोघांच्या छत्राखाली सुरक्षित राहतात, पॅट्रोक्लसकडून भाषा शिकतात. ब्रायसीस त्याच्यावर प्रेमही करू लागते. होमरने दिलेल्या मायेचा धागा इथे छान वाढवला आहे, हे खरे. पण घर उद्ध्वस्त करणारा आणि आसरा देणारा हात एकच आहे, ही गोष्ट इथे सौम्य होते. 'इलियड'च्या नवव्या सर्गात एक लहानशी, न विसरता येणारी नोंद आहे. रात्र होते, अकिलीस एका पकडून आणलेल्या स्त्रीजवळ झोपतो, आणि समोरच्या बाजूला पॅट्रोक्लसही दुसरीजवळ. तिचे नाव इफिस, अकिलीसनेच त्याला दिलेली. होमर हे कुठलीही टीका न करता सांगतो. कादंबरीतल्या तंबूत या रात्रीला जागा नाही. तिथे दोघे एकमेकांचेच आहेत, आणि गुलाम स्त्रिया म्हणजे जणू त्यांनी सांभाळलेल्या लेकी.

पॅट्रोक्लसचेही तसेच. कादंबरीत तो लढाईत कच्चा आहे, जखमींवर उपचार करतो. उपचाराचे बीज होमरमध्ये आहे. अकराव्या सर्गात तो युरिपिलस या जखमी योद्ध्याच्या मांडीतला बाण कापून काढतो. पण होमरचा पॅट्रोक्लस उत्तम योद्धाही आहे आणि सोळाव्या सर्गात तो माणसे कापत सुटतो. ज्या हाताने जखम धुतली त्याच हाताने तो जखमा करतो. मिलर यांनी एक हात ठेवला आणि दुसरा बराचसा झाकला. परिणामी या प्रेमकथेतला एक जण निष्पाप ठरतो आणि त्याच्या नजरेतून दिसणारा दुसराही निम्मा माफ होतो.

हा रोग आपल्या परिचयाचा आहे. महाभारताच्या सभापर्वात कर्ण भर सभेत द्रौपदीला कुलटा ठरवतो आणि तिची वस्त्रे काढून घ्यायला सांगतो. आपल्या लोकप्रिय कादंबऱ्यांनी कर्णाच्या अपमानांची बाजू इतक्या आर्ततेने मांडली की वाचक पुस्तक मिटतो तेव्हा कर्णावर झालेला अन्याय त्याच्या मनात उरतो. कर्णाने केलेला अन्याय धूसर होतो. निवेदकाला 'मी' दिला की हा धोका येतोच. 'मी' बोलू लागला की त्याला कारणे सुचतात. 'मृत्युंजय' आली त्याच 1967 साली इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आले, ही मला मोठी अर्थपूर्ण गोष्ट वाटते. इरावतीबाईंनी महाभारतातल्या माणसांना त्यांच्या कृत्यांसकट उभे केले. त्या ग्रंथातला कठोरपणा हेच त्याचे मोठेपण आहे आणि नंतरच्या आपल्या साहित्याने तो गमावला, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. इंग्रजीतही मिलर यांच्यानंतर 2018 साली पॅट बार्कर यांची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' आली. तिथे बहुतेक कथा ब्रायसीस सांगते, आणि तिला अकिलीस दिसतो तो आपल्या भावांना मारणारा माणूस म्हणून. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की मिलर यांच्या पुस्तकातल्या कोणत्या खिडक्या बंद आहेत ते कळते.

जनाबाईंचे माप

तर मग पुनर्कथन करणाऱ्याने पुराणपुरुषाला जवळ आणूच नये काय? तसे म्हणणे आपल्या परंपरेला धरून होणार नाही. जनाबाईंनी विठोबाला जात्यावर बसवले, गोवऱ्या वेचायला नेले, धुणे धुवायला लावले. देवाला इतके घरातले करणारे मराठीत दुसरे कोण आहे? 'थाळीपाक' या आख्यानाचा विषयही पाहा. वनवासात दुर्वास ऋषी शिष्यांसह जेवायला येतात, द्रौपदीची थाळी रिकामी आहे, आणि कृष्ण त्या थाळीला चिकटलेले भाजीचे पान खाऊन सर्वांची भूक भागवतो. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईला महाभारतातून हीच गोष्ट जवळची वाटावी, हे किती साहजिक आहे. घरात खायला नाही आणि दारात पाहुणे उभे, हे संकट तिला रणांगणापेक्षा जवळचे.

पण जनाबाईंच्या जवळिकीत एक गोष्ट आहे ती विसरता कामा नये. त्या विठोबाला शिव्याही देतात. त्याचा उद्धार करतात, त्याच्या कुळाचा उद्धार करतात, त्याला जाब विचारतात. त्यांचे प्रेम मऊ नाही. ज्याच्याबरोबर दळण दळले त्याला रागे भरण्याचा हक्क त्या बजावतात. देव जवळ आला म्हणून सुटला असे होत नाही. जवळ आला म्हणूनच तो तावडीत सापडतो.

हे माप हातात घेऊन मी 'इलियड'चा सोळावा सर्ग पुन्हा वाचला. पॅट्रोक्लस रडत अकिलीसकडे येतो. ग्रीक मरत आहेत आणि हा रुसून बसला आहे. तेव्हा पॅट्रोक्लस त्याला जे बोलतो ते ऐकून जनाबाईंनी मान हलवली असती. पेलिअस तुझा बाप नाही, थेटिस तुझी आई नाही, तुला त्या करड्या समुद्राने आणि कड्यांनी जन्म दिला असला पाहिजे, इतके तुझे मन दगड आहे, अशा अर्थाचे तो सुनावतो. अकराव्या सर्गात कळते की पॅट्रोक्लस वयाने मोठा आहे आणि निघताना त्याच्या बापाने त्याला बजावले होते: अकिलीस कुळाने आणि बळाने वरचढ आहे, पण त्याला शहाणपण सांगायचे काम तुझे. होमरच्या लेखी या नात्याचे स्वरूप हे आहे. प्रेम करायचे म्हणजे वेळप्रसंगी तोंडावर बोलायचे.

याच मापाने मिलर यांची कादंबरी मोजली की माझे दुभंगलेले मत एकदम सरळ होते. पुस्तकातला पहिला अर्धा भाग, पर्वतावरचे दिवस, स्कायरॉस बेटावरची लपाछपी, हा भाग गोड आहे आणि गोडच आहे. पॅट्रोक्लस सतत न्याहाळतो: अकिलीसचे केस, त्याचे पाय, त्याचे बोट. नजर हटत नाही आणि प्रश्नही विचारत नाही. तिथे माझे लक्ष उडाले. आणि जिथे पुस्तक उंच चढते तिथे हाच पॅट्रोक्लस भक्तपणा सोडतो. अ‍ॅगमेम्नॉन ब्रायसीसला घेऊन जातो तेव्हा अकिलीस तिला जाऊ देतो. अ‍ॅगमेम्नॉनने तिच्यावर हात टाकला की त्याला मारायला आपल्याला रास्त कारण मिळेल, असा त्याचा हिशेब. एका स्त्रीच्या अब्रूची किंमत आपल्या मानासाठी मोजायला निघालेला हा अकिलीस पाहून पॅट्रोक्लस हादरतो. तो स्वतः अ‍ॅगमेम्नॉनकडे जातो आणि रक्त सांडून त्याला सावध करतो. म्हणजे ज्याच्यावर जीव आहे त्याचाच डाव उधळतो. कादंबरीतले हे सर्वांत कसदार प्रकरण आहे. इथे मिलर यांनी होमरमध्ये नसलेली गोष्ट रचली, आणि ती होमरच्या जातीची झाली. इथे अकिलीसला माफी नाही आणि प्रेमही कमी झालेले नाही.

दुर्दैवाने पॅट्रोक्लसच्या मृत्यूनंतर हा कस टिकत नाही. 'इलियड'मध्ये शोकाचेच क्रौर्य होते. एकविसाव्या सर्गात लायकॅऑन नावाचा निःशस्त्र तरुण गुडघ्यांना मिठी मारून जीव मागतो, आणि अकिलीस त्याला थंडपणे सांगतो की तुझ्याहून चांगला पॅट्रोक्लसही मेला, मग तुझे काय. पुढे पॅट्रोक्लसच्या चितेवर तो 12 ट्रोजन तरुणांचा बळी देतो. ज्या मायेने अकिलीस रडतो त्याच मायेने तो हे करतो. प्रेम आणि क्रोध ही इथे एकाच मुळाची दोन झाडे आहेत. म्हणूनच चोविसाव्या सर्गात म्हातारा प्रायम येऊन आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो आणि अकिलीसला आपल्या म्हाताऱ्या बापाची आठवण येते, तेव्हा वाचकाचा श्वास अडकतो. क्रोधाची सगळी उतरंड पाहिल्यावर आलेला तो क्षण आहे. होमर तिथून पुढे फक्त हेक्टरच्या अंत्यविधीपर्यंत जातो आणि थांबतो.

मिलर यांच्याकडेही प्रायम येतो. पण तोवर अकिलीसचा क्रोध आपण भुताच्या दुःखातून घाईने पाहिलेला असतो, त्यामुळे त्या भेटीचे ओझे हलके वाटते. आणि मग क्रौर्याला दुसरा धनी मिळतो. अकिलीसचा मुलगा पायरस येतो, थंड, निर्दय, आजीच्या तालमीत वाढलेला. तो ब्रायसीसला मारतो, थडग्यावर पॅट्रोक्लसचे नाव कोरू देत नाही. वाचकाचा सगळा राग या पोरावर जातो आणि बाप स्वच्छ राहतो. मला इथे खटकले. शोकांतिका नायकाच्या स्वतःच्या कृत्यातून उगवते, हे ग्रीकांनीच जगाला शिकवले. अकिलीसचे कृत्य त्याच्या मुलाच्या पदरात टाकले की उरते ती एक अतिशय करुण गोष्ट. करुण गोष्टीलाही किंमत आहेच. पण ती शोकांतिकेपेक्षा एक पायरी खाली असते.

शेवटी थेटिस त्या थडग्याजवळ येते. भूत तिला आपल्या आठवणी सांगते, आणि जन्मभर ज्याचा तिरस्कार केला त्याचे नाव ती आपल्या हाताने कोरते. दोन सावल्या अंधारात भेटतात. हा शेवट गोड करून घेतलेला आहे असे म्हणणाऱ्यांना मी 'ओडिसी'चा अकरावा सर्ग दाखवीन; मृतांच्या लोकात अकिलीसची सावली येते तेव्हा तिच्याबरोबर पॅट्रोक्लसची सावली असतेच. त्याच सर्गात अकिलीस असेही म्हणतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा पृथ्वीवर कोणा गरिबाच्या शेतात राबणे बरे. कीर्ती निवडलेल्या माणसाचे हे उद्गार. मिलर यांनी पहिली गोष्ट घेतली, दुसरी घेतली नाही. त्यांचे पुस्तक कुठे जिंकते आणि कुठे कमी पडते, ते या निवडीत दिसते.

एवढे सांगून मी हे पुस्तक वाचा असेच म्हणेन. ज्याच्या प्रेमाला गावात शब्द नाही त्याने तर जरूर वाचावे. मात्र वाचून झाल्यावर 'इलियड'चे सोळा आणि चोवीस हे दोन सर्ग कोणत्याही सुबोध इंग्रजी अनुवादातून वाचावेत. मिलर यांनी पॅट्रोक्लसला बोलते केले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. त्याने अकिलीसला आणखी थोडे बोलायला हवे होते.